समान प्रमाद आणि विषाणूंची वंशावळ

भाषाभ्यासकाने विषाणूंविषयी लिहावे, ह्याचे वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. निमित्त एका प्रश्नाचे झाले. वेरूळच्या लेण्यांपाशी माकडाने ओरबाडलेल्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "एड्स माकडापासून आला म्हणतात, मग मलाही तो होईल काय?" उत्तर शोधू लागल्यावर असे आढळले, की ह्या रोगाचे मूळ ज्या पद्धतीने निश्चित झाले, ती पद्धती पाठचिकित्सेच्या अभ्यासकास परकी नाही.

दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असला, तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी काही सिद्ध होत नाही. दोहोंत एकच प्रमाद एकाच जागी आढळला, म्हणजे मात्र त्या एकाच आदर्श प्रतीवरून उतरल्या असे अनुमान करता येते. एच. आय. व्ही. हा रेट्रोव्हायरस कुळातील विषाणू. त्याची संहिता सुमारे ९,७०० अक्षरांची असून ती आर. एन. ए. मध्ये लिहिलेली असते. पेशीत शिरल्यावर तिची डी. एन. ए. मध्ये नक्कल होते आणि ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या संहितेत जाऊन बसते. ही नक्कल करणारा लेखनिक मूळ प्रत पुन्हा ताडून पाहत नाही. त्यामुळे प्रमाद साचत जातात, पुढील प्रतींत उतरतात, आणि त्यांवरून वंशवृक्ष मांडता येतो.

आता सर्व मानवी विषाणू जर एकाच शाखेवर आले असते, तर ते मानवात एकदाच शिरले असे म्हणता आले असते. प्रत्यक्षात तसे नाही. जगभर पसरलेल्या 'एम्' गटाचा सर्वांत निकटचा आप्त आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींत सापडतो. रानातील चिंपांझींची विष्ठा गोळा करून संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखविले. 'एन्' गटही चिंपांझीचाच, परंतु वेगळ्या शाखेवरचा. 'ओ' आणि 'पी' हे गट गोरिलाच्या विषाणूंना जवळचे. एच. आय. व्ही.-२ तर सर्वस्वी निराळा : त्याचे नऊ गट पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे ह्या माकडापासून स्वतंत्रपणे आले. म्हणजे निदान तेरा वेळा हा उंबरठा ओलांडला गेला. शिकार सोलताना रक्ताचा संपर्क होणे, हा त्याचा सर्वाधिक संभवनीय मार्ग होय. ह्यांपैकी बहुतेक शाखा मोजक्याच माणसांत आढळल्या. महामारी झाली ती एका 'एम्' गटाची. उंबरठा ओलांडणे एक, आणि ओलांडल्यावर शहरे, आगगाड्या व पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया ह्यांच्या आधाराने पसरणे दुसरे.

चिंपांझीची प्रतही शुद्ध नव्हे. दोन वेगळ्या माकडांच्या विषाणूंची सरमिसळ होऊन ती बनली आहे. संमिश्र पोथी म्हणतात तशी. चिंपांझी लहान माकडांची शिकार करतो.

काळाचा निर्णयही प्रमादांवरूनच होतो. किन्शासा शहरातील १९५९ आणि १९६० ह्या वर्षांच्या दोन नमुन्यांत इतके अंतर पडले आहे, की त्यांचा समाईक पूर्वज विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०८ च्या आसपास, मानावा लागतो. १९५७ नंतर काँगोत दिलेल्या पोलिओच्या लसीतून हा रोग आला, हे एके काळी गाजलेले मत त्यामुळेच टिकत नाही. शिवाय त्या प्रदेशातील चिंपांझींचा विषाणू वंशवृक्षाच्या दुसऱ्याच फांदीवर आहे.

भारतात हा संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत प्रथम उघडकीस आला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, तेथील मराठी कुटुंबातल्या. नमुने गोळा केले त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनी. भारतातील बहुसंख्य विषाणू 'एम्' गटाच्या 'सी' उपप्रकाराचे असून त्यांचे मूळ दक्षिण आफ्रिकेकडे जाते. एच. आय. व्ही.-२ ची नोंद मुंबईत १९९१ मध्ये झाली. त्याच्या आफ्रिकेतील प्रसाराचे एक प्रमुख केंद्र गिनी-बिसाऊ, म्हणजे १९७४ पर्यंतची पोर्तुगीज वसाहत. म्हणून काही संशोधक गोव्याकडेही बोट दाखवितात. 'पाव' आणि 'बटाटा' ह्यांचा माग काढणाऱ्यास ही वाट ओळखीची वाटेल, परंतु शब्द आणि विषाणू ह्यांत काही शतकांचे अंतर आहे, हे विसरू नये.

ह्या वंशवृक्षात कोणाच्याही वर्तनाची नोंद नाही. तरीही नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या कित्येक स्त्रियांना आपल्याच महाराष्ट्रात सासरच्या घरातून बाहेर पडावे लागले, ते 'वाईट चालीचा रोग' ह्या एका शब्दप्रयोगाखाली.

विद्यार्थ्याच्या भीतीचे मूळही शब्दातच होते. मराठी माणूस तांबड्या तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर, असा भेद नेमका करतो. पण चिंपांझी व गोरिला हे बिनशेपटीचे कपी बोलण्यात सर्रास 'माकड' होतात. एच. आय. व्ही. चे हे पूर्वज विषाणू निसर्गतः आफ्रिकेतील प्राण्यांतच आढळतात. आपल्याकडील माकडांत वा वानरांत ते नाहीत. आशियातील माकडांत 'फोमी' नावाचा दुसरा रेट्रोव्हायरस असतो, आणि बांगलादेशात तो माणसांत आलेला आढळलाही आहे. मात्र त्यापासून माणसाला रोग झाल्याचे दिसून आलेले नाही. खरी भीती रेबीजची. विद्यार्थ्यास त्याच दिवशी लस घेण्यास पाठविले.