कणीस-विळ्याची पेटी

१९५७ सालच्या निवडणुकीत मतदाराला शिक्का मारावा लागत नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसत. आडोशाआड जायचं, आपली पेटी ओळखायची आणि हातातला कागद तिच्यात सोडायचा, एवढंच काम. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कुणाला विचारावं लागू नये, म्हणून ही सोय. सातारा लोकसभा मतदारसंघातल्या एका पेटीवर कणीस आणि विळा होता. ती पेटी कम्युनिस्ट पक्षाच्या नाना रामचंद्र पाटलांची. त्या निवडणुकीत साताऱ्यानं त्यांनाच दिल्लीला पाठवलं.

क्रांतिसिंह नाना पाटील म्हटलं की आपल्याला पत्री सरकार आठवतं. शाळेच्या पुस्तकात, पुतळ्याखालच्या पाटीवर आणि जयंतीच्या भाषणात त्यांची गोष्ट १९४६ ला येऊन थांबते. त्यानंतर नाना तीस वर्षं जगले. त्यातली जवळपास नऊ वर्षं ते खासदार होते. बेचाळीसचे नाना सगळ्यांना चालतात. लाल बावट्याचे नाना मात्र आपण हळूच बाजूला ठेवले. मला ही मोठी चूक वाटते, कारण दोन्ही नाना एकच आहेत.

गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा, जन्म १९०० सालचा. शेतकऱ्याचं घर, तालमीत कमावलेलं शरीर, शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत आणि नोकरी तलाठ्याची. या नोकरीचा उल्लेख सगळे एका ओळीत उरकतात. मला तिथं थांबावंसं वाटतं. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात कसतंय कोण, शेतसारा कुणाचा थकला, सावकाराच्या घशात कुणाचं रान गेलं, हे तलाठ्याला दप्तर न उघडताही ठाऊक असतं. गरिबी म्हणजे काय, हे नानांनी कुठल्या ग्रंथातून घेतलं नाही. ते त्यांनी आधी खातेपुस्तकात वाचलं होतं. सत्यशोधक विचारांचा वारा त्या मुलखात होताच. १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, शिराळ्याकडं बिळाशीला जंगल सत्याग्रह पेटला आणि त्याच साली नानांनी नोकरी सोडली. पुढं तुरुंगाच्या वाऱ्या झाल्या, घरदार आणि जमीन सरकारनं जप्त केली.

बेचाळीसच्या सप्टेंबरात वडूजला आणि इस्लामपूरला निःशस्त्र मोर्चांवर गोळ्या चालल्या. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि नानांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी राज्याला समांतर असं प्रतिसरकार उभं राहिलं. शेणोलीजवळ रेल्वे लुटली, धुळ्याचा खजिना लुटला, हे सगळं रोमांचक खरंच. पण त्या सरकारचा रोजचा कारभार मला जास्त मोलाचा वाटतो. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढं बांधाचे तंटे, गहाणवटी, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची गाऱ्हाणी येत. वकील नाही, तारखा नाहीत; निकाल लोकांसमोर, लोकांच्या भाषेत. दारूचे गुत्ते बंद झाले, कर्ज काढून होणारी लग्नं थोडक्या खर्चात होऊ लागली. कुंडलसारखं गाव औंध संस्थानात असल्यामुळं इंग्रजांच्या पोलिसांना तिथं सरळ घुसता येत नसे, जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेला, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाला, त्याचा मोठा आधार झाला. गुन्हेगाराच्या तळपायांना पत्री ठोकतात अशी वदंता पसरली आणि ‘प्रति’चं ‘पत्री’ झालं. वदंतेचा धाक मोठा होता, पण लोक टिकून राहिले ते न्यायासाठी.

स्वातंत्र्य आल्यावर या मंडळींच्या वाटा फुटल्या. किसन वीर आणि यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले. नाना शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून कामगार किसान पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात. पक्ष बदलले म्हणून त्यांना नावं ठेवणारेही होते. मला त्यात धरसोड दिसत नाही. गोरा साहेब गेला, पण खातेपुस्तकातली नावं तीच राहिली. ती बदलायला कोण निघालंय, हे ते शोधत होते. १९५५ साली डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष नाना होते. ज्या डहाणूत गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीतून उठवलं, त्याच मातीत वाळव्याच्या शेतकऱ्याला हा मान मिळाला.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची, म्हणजे मुंबईसह मराठी राज्याच्या मागणीची लाट. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे सगळे एका मांडवात आले. वर्षभरात निवडणूक लागली आणि साताऱ्यातून नाना उभे राहिले.

त्या वेळी लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपये होती आणि खासदाराचं वेतन महिन्याला ४००. नानांकडं कारखाना नव्हता, बँक नव्हती. होता तो आवाज. जात्यावरच्या, बैलाच्या, सुगीच्या गोष्टी सांगत सांगत ते सरकारच्या धोरणाला हात घालत आणि माणसं तासन्‌तास हलत नसत. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडं होती. समोर बसलेल्या गर्दीतल्या कितीतरी घरांनी भूमिगतांना भाकरी दिली होती, निरोप पोचवले होते, लाठ्या खाल्ल्या होत्या. इतर उमेदवार निवडून आल्यावर काय करू ते सांगतात. या माणसानं राज्य कसं चालवलं, ते मतदारानं आधीच पाहिलं होतं. साताऱ्यानं कम्युनिझमला मत दिलं की संयुक्त महाराष्ट्राला, असा वाद अभ्यासक घालतात. माझ्या मते, लाटेनं मताधिक्य दिलं असेल, पण विश्वास जुना होता.

हा उमेदवार नुसता शेतकऱ्यांचा नव्हता. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांमधला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत असायचा. गावाकडं जिरायती रान, आणि मनीऑर्डर परळ-लालबागहून. गिरणगावात लाल बावट्याखाली संप करणारा आणि सुगीला गावी येऊन कणसं खुडणारा माणूस एकच होता. नानांच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे याच वाटेनं मुंबईला गेले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना’ लिहून गाव आणि गिरणीतली ताटातूट अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी दिली. कणीस-विळ्याच्या पेटीत पडलेल्या मतांमागं हा मुंबईचा घामही होता.

निकाल लागले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस उखडली गेली होती. मुंबईतून डांगे, राजापुरातून नाथ पै, पुण्यातून ना. ग. गोरे, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि साताऱ्यातून नाना. शेजारी कराडात द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण विधानसभेला जेमतेम निवडून आले. एकाच बेचाळीसच्या चळवळीतली माणसं समोरासमोर उभी होती.

मतदान फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. कुळ कायद्याच्या दुरुस्तीप्रमाणं त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार होतं. कागदावर फार मोठी गोष्ट. पण कूळ म्हणून नाव लागलंय की नाही, यावर सगळं अवलंबून! नाव लागू नये म्हणून मालकांनी आधीच कुळं हुसकली, राजीनामे लिहून घेतले, जमिनी नातेवाइकांच्या नावावर केल्या. कायदा दिल्ली-मुंबईत होतो, पण तो अडतो चावडीत. हे जाणणारा तलाठी आता संसदेत बसला होता.

तिथं इंग्रजी आणि हिंदीचं राज्य. राज्यघटनेचं १२० वं कलम मात्र सांगतं, की ज्या सदस्याला या दोन भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. नाना लोकसभेत मराठीत बोलले. मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मला यात भाषेच्या अभिमानापेक्षा आणखी काही दिसतं. शेतकऱ्याचं दुखणं शेतकऱ्याच्याच शब्दांत सभागृहात पोचलं पाहिजे, मधे दुभाषा नको, असा तो आग्रह होता. न्यायदान मंडळात वकील नव्हता, तसाच.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीनं निदर्शनं पुकारली आणि वाई-पसरणीच्या घाटात माणसांचा पूर लोटला. साताऱ्याच्याच जिल्ह्यातली ही जागा. अखेर महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं.

राज्य मिळालं आणि समितीचा मांडव उठला. १९६२ ला साताऱ्याची जागा काँग्रेसच्या किसन वीरांकडं गेली, १९६७ ला यशवंतरावांकडं. दोघंही बेचाळीसचेच, म्हणून सातारकरांनी चळवळ सोडली असं म्हणवत नाही. तिची सत्तेतली बाजू निवडली, एवढंच. नाना मात्र १९६७ मध्ये थेट मराठवाड्यातून, बीडमधून, पुन्हा कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. ना गाव, ना भावकी, ना पत्री सरकारची आठवण. तरी दुष्काळी बीडनं कृष्णाकाठच्या माणसाला आपला मानलं. या विजयावर आपल्याकडं फार कमी लिहिलं गेलंय, याची मला खंत वाटते.

६ डिसेंबर १९७६ ला मिरजेत नाना गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणं अंत्यसंस्कार वाळव्याला झाले.

त्यांची लेक हौसाबाई पाटील विट्यात राहत. तरुणपणी त्यांनी पोलीस चौकीसमोर नवऱ्याच्या मारहाणीचं सोंग करून पोलिसांना बाहेर गुंतवलं होतं, आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरातले शेतकरी कर्जमाफी आणि हमीभावासाठी दिल्लीत संसदेच्या दिशेनं चालत निघाले, तेव्हा हौसाबाई ९२ वर्षांच्या होत्या. चालणं शक्य नव्हतं. त्यांनी विट्यातल्या घरातूनच मोर्चाला आपला निरोप पाठवला.