दिलसुखनगर कोणाच्या प्रभागात?

शहरात राहणाऱ्या माणसास 'तुमचे घर कोठे?' असे विचारले, तर तो आपल्या वस्तीचे नाव चटकन सांगतो. 'तुमचा प्रभाग कोणता?' असे विचारले, की मात्र तो घुटमळतो. ही गोष्ट आमच्या प्रत्ययास आली ती हैदराबादेस, दिलसुखनगर नावाच्या गजबजलेल्या वस्तीत.

२०२५ च्या डिसेंबर महिन्यात आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते गृहस्थ मूळचे नांदेडकडचे. त्यांचे आजोबा हैदराबादेस आले तेव्हा नांदेड हे हैदराबाद संस्थानातच होते. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नांदेड मुंबई राज्यात गेले आणि आजोबा होते तेथेच राहिले. घरात बोली मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी उर्दू, अशी त्या कुटुंबाची रीत. आम्ही गेलो त्या संध्याकाळी हे गृहस्थ चष्मा लावून कसल्याशा छापील याद्या चाळीत बसले होते. महानगरपालिकेच्या नव्या प्रभागरचनेचा तो मसुदा होता आणि त्यांत ते आपली गल्ली शोधीत होते.

आमच्या गावकरी वाचकांना वाटेल, की गल्ली ती काय शोधायची? दिलसुखनगर हा दिलसुखनगरचा प्रभाग, इतके साधे ते असणार. परंतु २०१६ व २०२० या दोन्ही निवडणुकांत शहराचे जे दीडशे प्रभाग होते, त्यांत दिलसुखनगर या नावाचा एकही नव्हता! मेट्रोचे स्थानक या नावाचे आहे, बसचे मोठे आगार या नावाचे आहे, पुस्तके व कापड घेण्यासाठी दूरदूरची माणसे या नावाचा पत्ता विचारीत येतात. परंतु मतदानाच्या नकाशात ही वस्ती चैतन्यपुरी (क्रमांक २२), गड्डीअन्नारम (क्रमांक २३) आणि मूसारामबाग (क्रमांक २५) अशा शेजारच्या प्रभागांत वाटली गेली होती. यजमानांचे मत एका प्रभागात आणि हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बंधूंचे दुसऱ्यात.

(मूसारामबाग या नावाची हकीकत मोठी गमतीची आहे. निजामाच्या पदरी रेमाँ नावाचा एक फ्रेंच सेनापती होता. तो १७९८ मध्ये वारला. लोकांचा त्याच्यावर इतका लोभ, की मुसलमान त्यास मूसा रहीम म्हणत आणि हिंदू मूसा राम. त्याच्या नावाची बाग गेली, नाव राहिले, आणि आज त्या नावाने मेट्रोचे स्थानकही आहे.)

ही विभागणी अशी का झाली, याचे कारण जुन्या हद्दींत सापडते. २००७ सालापर्यंत हैदराबादची महानगरपालिका वेगळी व गड्डीअन्नारमची नगरपालिका वेगळी होती. दिलसुखनगर वाढले ते नेमके या दोहोंच्या शिवेवर. १६ एप्रिल २००७ रोजी जुनी महानगरपालिका, भोवतालच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती यांचे एकत्रीकरण होऊन बृहत् हैदराबाद महानगरपालिका जन्मास आली. शीव कायद्याने पुसली गेली खरी, परंतु ती मतदारसंघांच्या रूपाने उरली. मूसारामबाग हा प्रभाग मलकपेट विधानसभा मतदारसंघात व म्हणून हैदराबादच्या लोकसभा मतदारसंघात. गड्डीअन्नारम व चैतन्यपुरी हे एल. बी. नगरमध्ये आणि म्हणून मलकाजगिरीच्या लोकसभा मतदारसंघात. म्हणजे एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन भावांचा नगरसेवक निराळा, आमदार निराळा आणि खासदारही निराळा.

आता ही कापणी होते कशी ते पाहू. १९९३ च्या जूनपासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरविले, की नगरपालिकांचे सभासद प्रत्यक्ष निवडणुकीने यावेत आणि त्यासाठी शहराची प्रादेशिक विभागणी व्हावी. या भागांसच प्रभाग म्हणावयाचे. एकूण किती व त्यांच्या रेषा कोठे, हे राज्याच्या कायद्याने ठरते. मुख्य सूत्र लोकसंख्येचे. २०११ च्या जनगणनेत बृहत् हैदराबादेत सुमारे ६७ लाख माणसे मोजली गेली; दीडशे प्रभागांत ती वाटली, तर एका नगरसेवकामागे सरासरी पंचेचाळीस हजार येतात. एका प्रभागात तीस हजार आणि दुसऱ्यात साठ हजार माणसे असतील, तर पहिल्यातील माणसाचे मत दुसऱ्यातील माणसाच्या मताच्या दुप्पट वजनाचे झाले! हा अन्याय डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो अधिक वाईट. तो टाळण्यासाठी जनगणनेचे लहान लहान गट विटांसारखे एकावर एक रचून प्रभाग उभा करतात, आणि शक्यतो मोठा रस्ता, नाला, लोहमार्ग किंवा तलाव ही त्याची कड मानतात. नंतर राखीव जागा ठरतात: अनुसूचित जाती व जमातींसाठी, मागासवर्गीयांसाठी, आणि हैदराबादेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी.

कागदावर हे सारे शिस्तीचे दिसते. परंतु रस्ता ही कड मानली, की बाजारपेठेचे दोन तुकडे होतात, कारण बाजार हा रस्त्याच्या दोन्ही अंगांस मिळूनच होत असतो. आणि नाला ही कड मानली, की त्या नाल्याचा वाली कोण, हा प्रश्न उभा राहतो. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत मुसळधार पाऊस झाला. सरूरनगरचा तलाव भरून वाहू लागला आणि खालच्या अंगाच्या वसाहतींत पाणी घुसले. सरूरनगर हा प्रभाग क्रमांक १९; तेथून निघालेल्या पाण्याने २२ वा कोणता व २३ वा कोणता याची चौकशी केली नाही. यजमान सांगत होते, की त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तुंबणाऱ्या गटाराचा अर्ज एका कचेरीतून दुसरीत व दुसरीतून पहिलीत असा कित्येक वर्षे फिरला. कारण गटाराचा उगम एकाच्या हद्दीत, शेवट दुसऱ्याच्या.

त्या पुरानंतर दीड महिन्याने, १ डिसेंबर २०२० रोजी, निवडणूक झाली. शेकडा ४७ हून कमी मतदारांनी मत दिले. शेजारच्या जुने मलकपेट या २६ क्रमांकाच्या प्रभागात तर मतपत्रिकेवर एका कम्युनिस्ट पक्षाच्या जागी दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे चिन्ह छापले गेले. मतदान रद्द करून ३ डिसेंबरला पुन्हा घ्यावे लागले. मतपत्रिकेवरील चूक तेथल्या तेथे उघडकीस आली व दोन दिवसांत दुरुस्त झाली. हद्दीच्या रेषेतील चूक मात्र वर्षानुवर्षे टिकते. आणि येथेच ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रभागांच्या आखणीसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही, असे राज्यघटनेनेच म्हटले आहे. सबब सामान्य माणसाच्या हाती जी काय वेळ असते ती मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून हरकतींची मुदत संपेपर्यंतची. तेवढे थोडे दिवस गेले, की रेषा पक्की.

आपल्याकडेही हे नवे नाही. ग्रामपंचायतीच्या सात ते सतरा सभासदांसाठी गावाचे प्रभाग पडतात, तेव्हा आळीची चार घरे पलीकडच्या पाड्यास जोडली जातात ती अशाच मसुद्याने. नकाशा चावडीवर लागतो, आणि तो वाचावयास फार तर दोघेचौघे जातात. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा पुष्कळ गावकऱ्यांनी केवढा विरोध केला, ते आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. परंतु गाव महानगरपालिकेत जावे की न जावे, यावर जितके तावातावाने बोलले गेले, तितके गाव कोणत्या प्रभागात व कोणाच्या जोडीने जाते, यावर बोलताना आम्ही फारसे कोणास ऐकले नाही. मोठ्या शहरात बुडालेल्या लहान गावाचा आवाज उरतो की विरतो, हे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते.

हैदराबादेस या वेळी पुन्हा तोच प्रसंग आला होता. २०२५ च्या अखेरीस भोवतालच्या २७ नगरपालिका व महानगरपालिका शहरात सामील करण्यात आल्या आणि दीडशेचे तीनशे प्रभाग करणारा मसुदा प्रसिद्ध झाला. प्रत्येक प्रभागाची हद्द त्यांत शब्दांनी वर्णिलेली असते: अमुक चौकापासून तमुक रस्त्याने, तेथून नाल्याच्या कडेने, अमक्या घरापर्यंत. ही तेलुगू व इंग्रजी वाक्ये यजमान मोठ्याने वाचीत, त्यांचा शाळकरी नातू भ्रमणध्वनीवरील नकाशावर बोट फिरवीत जाई, आणि दोघांचे बोट व वाक्य एके ठिकाणी येईनात.

रात्री जेवणे आटोपल्यावर ती गल्ली एकदाची सापडली. तेव्हा यजमानांनी कोरा कागद घेतला व वर तारीख घालून हरकत लिहावयास बसले. गटाराचे दोन्ही काठ एकाच प्रभागात असावेत, एवढेच त्यांचे मागणे होते. ते चार ओळींत मावले. पाचव्या ओळीत त्यांनी धाकट्या बंधूंचे नाव घातले आणि सहीसाठी नातवास त्यांच्या घरी पिटाळले. नातू रस्ता ओलांडून पलीकडच्या प्रभागात गेला आणि दहा मिनिटांत सही घेऊन परत आला.