गुडघ्यातली परांची

आम्ही डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत, पत्रके वाचता वाचता आणि लिहिता लिहिता झाले. तरी आज गुडघ्यावर बोलायला उभे आहोत. कारण कळमन्याच्या बाजारातला हमाल असो, इतवारीतला पल्लेदार असो की कोळशाच्या खाणीतला कामगार असो, चाळिशी ओलांडली की तो येऊन एकच वाक्य बोलतो : "भाऊ, गुडघ्यातलं वंगण संपलं." हे वंगण म्हणजे काय, आणि संपले तर पुन्हा घालता येते काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खरे पाहता संपते ते वंगण नव्हे, अस्तर होय. सांध्यात हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पांढरा, गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. तिच्यात निम्म्याहून अधिक पाणी असते; ते पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात आणि त्या सर्वांना बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे असतात. हे सारे विणणाऱ्या पेशी मात्र अगदी थोड्या. मोठा कारखाना आणि कामगार मोजके, असा तेथला प्रकार आहे. शिवाय कूर्चेत रक्तवाहिनी नाही. त्वचा कापली तर रक्त दुरुस्तीची माणसे व सामान घेऊन धावते. येथे रस्ताच नाही. म्हणून कूर्चा एकदा फाटली की आपणहून पूर्ववत होत नाही. विल्यम हंटर ह्या वैद्याने लंडनमध्ये हे १७४३ सालीच लिहून ठेवले होते.

मग उपाय कोणते? एक उपाय असा की, जखमेच्या तळाशी हाडाला बारीक भोके पाडायची. त्यांतून मज्जेतील पेशी वर येतात आणि खड्डा भरतात. परंतु भरते ती मूळची कूर्चा नव्हे, तंतुमय ठिगळ. ते मूळ कापडाइतके टिकत नाही. दुसरा उपाय सांधाच बदलण्याचा. त्या सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, हे चांगले झाले. पण धातूच्या सांध्यावर पोती वाहता येत नाहीत.

तिसरी वाट स्वीडनमध्ये निघाली. तेथील डॉक्टरांनी रोग्याच्याच कूर्चेचा तुकडा काढला, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या परत गुडघ्यात सोडल्या. २३ रोग्यांवरील हा अनुभव १९९४ साली प्रसिद्ध झाला. पण अडचण उरलीच. सुट्या पेशी पाण्यासारख्या. त्या जागेवर धरून कोणी ठेवायच्या?

येथे जैवपदार्थांचे काम सुरू होते. इमारत बांधताना गवंडी परांची बांधतो. तिच्यावर उभा राहून भिंत रचतो आणि भिंत उभी राहिली की परांची सोडतो. गुडघ्यातही तसेच. सच्छिद्र पदार्थाची परांची बसवायची, पेशी तिच्यात राहतील, कूर्चा विणतील आणि परांची हळूहळू विरघळून जाईल. ती लवकर विरघळली तर भिंत कोसळते. उशिरा विरघळली तर भिंतीला जागा मिळत नाही. सारे कसब ह्या वेळेत आहे. डुकरापासून काढलेल्या कोलॅजनच्या पडद्यावर पेशी बसवण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस ह्या कंपनीच्या, रोग्याच्याच पेशी वाढवून परत बसवण्याच्या उपचाराला २०१७ साली मान्यता मिळाली.

आता घरची गोष्ट. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर बांधव कोसा वाढवतात. आंधळगावचे विणकर त्याचे कापड विणतात. त्या धाग्यातील डिंक धुऊन काढला की जे प्रथिन उरते, त्याचे नाव फायब्रोइन. ह्याच टसर किड्याच्या फायब्रोइनवर खरगपूरच्या आय. आय. टी. मध्ये अभ्यास झाला. त्यात अशी एक रासायनिक खूण आढळते की, जिला पेशी आपणहून धरतात. तुतीच्या रेशमात ती नाही. म्हणून परांचीसाठी टसर उपयोगी पडेल, अशी आशा आहे. मात्र हे काम प्रयोगशाळेतले आहे. टसरची परांची अजून दवाखान्यात मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

स्पष्ट सांगण्याची गरज का, ते ऐका. आमच्या एका सहकाऱ्याने बायकोची पोत मोडून एका दवाखान्यात "कूर्चा उगवणारी" इंजेक्शने घेतली. दुखणे होते तेथेच राहिले. त्याचा गुडघा सगळीकडून झिजला होता. पेशी-परांचीचा उपचार मुख्यतः तरुण माणसाच्या, एका जागी झालेल्या जखमेसाठी आहे. सगळा गुडघा झिजल्यावर तो कामाचा नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. तेव्हा कोणी असे औषध पुढे केले, तर तीन गोष्टी विचारा : ह्याला सरकारी मान्यता आहे काय? माझी जखम ह्यासाठी योग्य आहे काय? आणि शस्त्रक्रियेनंतर विश्रांती किती?

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवी कूर्चा पक्की होण्यास महिने लागतात. पहिले काही आठवडे कुबडी, आणि जड काम जवळजवळ वर्षभर बंद. रोजंदारीच्या माणसाने वर्षभर खायचे काय? महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला, तो आमच्या आधीच्या पिढीने लढून मिळवला. पुढची मागणी विश्रांतीच्या पगाराची असली पाहिजे. आणि त्याहून आधीची, पोत्याचे वजन कमी करण्याची व गाडी-ढकलगाडी देण्याची. शास्त्रज्ञ परांची देईल. तिच्यावर भिंत उभी राहीपर्यंत घरची चूल पेटती ठेवणे, हे काम आपले आहे.