घाबरतो म्हणून अडखळत नाही : मुलांचं बोलणं आणि मन

मुलाला बोलण्यात अडचण असली की सगळ्यांचं लक्ष त्याच्या जिभेकडे जातं. मनावर काय ओढवतं, ते बहुधा उशिरा लक्षात येतं. घरोघरी ऐकू येणारे काही गैरसमज त्यासाठी तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : घाबरट आहे, म्हणून तोतरं बोलतो.
वस्तुस्थिती : तोतरेपणा बहुतेकदा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा वाटा असतो. भित्र्या स्वभावामुळे तो होत नाही. इतर मुलं हसतात, मोठी माणसं वाक्य तोडतात, आणि मग बोलण्याची भीती बसते. ताणात अडखळणं वाढतं, त्यामुळे भीती हेच मूळ कारण वाटू लागतं.

गैरसमज : सगळं कळतं त्याला, नुसता हट्टी आहे.
वस्तुस्थिती : ऐकू नीट येत असूनही काही मुलांना भाषा समजायला आणि वापरायला जड जाते. हा विकासात्मक भाषा विकार. तीस मुलांच्या वर्गात अशी साधारण दोन मुलं असतात. लांबलचक सूचना त्यांना अर्धीच कळते, भांडण कशावरून झालं हे सांगता येत नाही. मग वस्तू फेकली जाते किंवा तोंड मिटतं. भावनिक अडचणींचा धोका या मुलांना इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

गैरसमज : सतत टोकलं की सुधारेल.
वस्तुस्थिती : १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अनाथाश्रमातल्या मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही अडखळता’ असं बजावलं गेलं. त्यांना तोतरेपणा जडल्याचं ठोसपणे दिसलं नाही, पण ती बोलायला बिचकू लागली. २००१ मध्ये आयोवा विद्यापीठाने आपल्या संशोधकांच्या या प्रयोगाबद्दल माफी मागितली.

गैरसमज : हल्ली अडखळत नाही, म्हणजे प्रश्न सुटला.
वस्तुस्थिती : कदाचित ते मूल अवघड शब्द टाळायला शिकलं असेल. उत्तर येत असूनही ते हात वर करत नाही. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो, म्हणून ओळख करून देताना अनेकांची कोंडी होते. किती अडखळतो यावरून आत किती त्रास आहे, ते कळत नाही.

गैरसमज : घरात मराठी बंद करून इंग्रजीच बोला.
वस्तुस्थिती : दोन भाषांमुळे भाषा विकार होत नाही. आजीशी बोलायची भाषा तुटली, तर मन मोकळं करायची एक जागा मात्र जाते.

काय करावं? ‘सावकाश बोल’ असं सांगण्यापेक्षा स्वतः सावकाश बोला. वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या. राग, लाज, हेवा यांना नावं द्यायला शिकवा. शाळेत तोंडी परीक्षेला जास्त वेळ मागा. रोज सकाळी पोट दुखू लागलं, शाळा नकोशी झाली, तर वाक्उपचारतज्ज्ञांबरोबर समुपदेशकांचीही मदत घ्या. तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जाता येतं. तिथे मूल किती शब्द बोलतं, याबरोबरच ते कुठे आणि कुणासमोर बोलायचं टाळतं, हेही सांगा.