वाडा कुणाचा?

घोडेगावच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ कर्ज मागायला आले. रक्कम किरकोळ होती. राहत्या वाड्याची मागची भिंत सुटली होती, आढे कुजले होते, पावसाळ्याआधी शाकारणी व्हायला हवी होती. मी मिळकत पत्रिका मागितली. तिच्यावर चौदा नावे! तिघे मयत, चौघे मुंबईला, एकाचा पत्ताच नाही. मी म्हणालो, ‘‘सर्वांच्या सह्या आणा, मग बघू.’’ ते उठता उठता म्हणाले, ‘‘साहेब, वाडा पडला की चौदाजण वाटा मागायला येतील. उभा ठेवायला मात्र मी एकटाच आलोय.’’

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. दुसऱ्या पावसाळ्यात ती भिंत बसली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पुढेही ते गृहस्थ रस्त्यात भेटले की नमस्कार करीत. त्या नमस्काराने मला जेवढे ओशाळे केले, तेवढे एखाद्या शिवीनेही केले नसते.

हे आज आठवायचे कारण म्हणजे जुन्नरचा आमचा स्वतःचा वाडा. पत्रिकेवर अकरा नावे, त्यांतले एक माझे. गेल्या दिवाळीत पुतण्याने हक्कसोड पत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. गिऱ्हाईक तयार आहे, काका, तुमची सही तेवढी राहिली आहे, असे त्याचे म्हणणे. मी कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पुण्याला आलो.

पुण्यात आलो की माझे पाय विश्रामबाग वाड्याकडे वळतात. रस्त्यावरची ती लाकडी मेघडंबरी, ते सुरूदार खांब पाहत क्षणभर उभे राहायचे, ही जुनी खोड. या वेळी मात्र बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहिले. मनातल्या मनात शोध अहवालच लिहायला घेतला.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. शनिवारवाड्यात त्याचे मन रमत नव्हते. पण ज्याने हौसेने बांधला त्याला तो लाभला जेमतेम दहा वर्षे. १८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव गंगेकाठी बिठूरला गेला. तिथेच १८५१ मध्ये तो वारला. मालक गेला, वाडा राहिला. १८२१ मध्ये इंग्रज सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. खर्च पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून. विलासासाठी बांधलेल्या दालनांत व्याकरण आणि न्याय घोकला जाऊ लागला. डेक्कन कॉलेजची परंपरा आपले मूळ याच पाठशाळेत सांगते.

१८७९ च्या मे महिन्यात आग लागली. त्याच सुमारास जळालेला बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचाही काही भाग जळाला, पण तो पुन्हा उभा राहिला, कारण लोकांनी वर्गणी दिली आणि नगरपालिकेने हात दिला. ज्या वाड्याशी आपले काम पडते त्याच्यासाठीच माणूस खिशात हात घालतो. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. त्याची तटबंदी आणि जोती उरली, त्या जोत्यांवर वाडा पुन्हा चढला नाही.

पुढे १९३० च्या सुमारास विश्रामबागेत पुणे नगरपालिकेची कचेरी आली. १९५० मध्ये महानगरपालिका झाली, तरी कारभार काही वर्षे इथूनच चालला. १९५९ मध्ये कचेरी शिवाजीनगरला गेली. टपाल कचेरी, सरकारी ग्रंथालय, शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन असे सगळे या वाड्याने आपल्या पोटात घेतले. पेशवा, विद्यार्थी, कारकून, दाखल्यासाठी ताटकळणारा नागरिक, सगळे याच दारातून आत गेले. दोनशे वर्षांत मालक बदलले, कामे बदलली, पण वाडा बंद पडला नाही. बंद वाडा वाळवीचा होतो, हे खेड्यातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते.

परतीच्या एसटीत मी आमच्या वाड्याचा हिशेब मांडला. आजोबांच्या वेळी ओसरीवर धान्याचे दुकान होते. वडिलांच्या वेळी माडीवर डोंगरातल्या गावांची तीन-चार मुले शाळेसाठी राहत. सध्या पुढच्या खोलीत एक शिंपी आहे आणि आत आमची थोरली वहिनी एकटी. ती रोज तुळशीपाशी दिवा लावते. अकरा नावांत तिचे नाव शेवटचे. पण केर ती काढते!

एक विचार मात्र सुटत नाही. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याला नाव तेवढे उरले, कचेरी घोडेगावात. तिथल्या घरांचे काय करायचे, हा प्रश्न घरच्यांच्या हाती राहिलाच नाही. आमच्या हाती तो अजून आहे.

जुन्नरला पोचल्यावर मी पुतण्याला म्हणालो, ‘‘माडीवर अभ्यासिका काढू. स्पर्धा परीक्षांची मुले महिना भाडे देतील.’’ तो हसला नाही. उलट त्याने नेमका प्रश्न विचारला, ‘‘काका, विश्रामबागेला नगरपालिका होती. आपल्या आढ्याचे पैसे कोण देणार?’’

प्रश्न रास्त होता. चाळीस वर्षांपूर्वी घोडेगावात याच प्रश्नाला मी नियम दाखवला होता. या वेळी माझ्या निवृत्तीच्या ठेवीतली एक पावती मोडली. तीत पुढच्या भागाची शाकारणी होईल, मागच्याची नाही. मागचा भाग विकावा लागेल, हे मी मान्य केले. वहिनीला हयातभर राहता येईल असे कलम मात्र मसुद्यात घालायला लावले आणि मग सही केली.

सही झाल्यावर वहिनी म्हणाली, ‘‘भावजी, मुलं येणार असतील तर माडीचा जिना आधी नीट करा. तिसरी पायरी हलते.’’

गेल्या आठवड्यात सुताराला बोलावणे धाडले आहे.