मुतखडा : शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची जबाबदारी

पाठीच्या एका बाजूस, बरगडीच्या खाली, अकस्मात कळ उठते. ती कुशीतून जांघेकडे उतरू लागते. रुग्णास बसवत नाही की निजवत नाही. ओकाऱ्या होतात, लघवी लालसर दिसू लागते. मुतखड्याच्या या कळेशी गोमंतकातील अनेक कुटुंबांचा परिचय आहे. या विकारावरील शस्त्रक्रियेत गेल्या पन्नास वर्षांत आमूलाग्र परिवर्तन घडून आले आहे. एके काळी वीतभर छेद सोसून महिना-दीड महिना अंथरुणास खिळणारा रुग्ण आज दोन-चार दिवसांत आपल्या पायांनी घरी परततो. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु या सुलभतेमुळेच शस्त्रक्रिया आटोपली की आजार संपला, अशी समजूत रुग्णांमध्ये रूढ होऊ लागली आहे, आणि त्या समजुतीपायी काहींना आपले मूत्रपिंड गमवावे लागते. यास्तव या शस्त्रक्रिया कशा होतात, त्यांपासून किती अपेक्षा करावी आणि त्यांच्यानंतर रुग्णाने व कुटुंबीयांनी काय करावे, याची माहिती देण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

खडा कसा बनतो

रक्तातील टाकाऊ क्षार लघवीवाटे शरीराबाहेर टाकणे हे मूत्रपिंडाच्या कार्यांपैकी एक आहे. शरीरात पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि तीत विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागतात. मिठागरात पाणी आटले की मीठ खाली बसते, त्यासारखाच हा प्रकार आहे. स्फटिकावर स्फटिक चढत जाऊन खडा तयार होतो. सुमारे ८० टक्के खडे कॅल्शियमच्या क्षारांचे असतात; उरलेल्यांत यूरिक आम्लाचे आणि जंतुसंसर्गामुळे होणारे खडे प्रामुख्याने आढळतात. खडा मूत्रपिंडात स्थिर असेतो बहुधा त्रास देत नाही. तो मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या अरुंद नळीत उतरून अडकला, म्हणजे लघवी मागे तुंबते आणि कळ सुरू होते.

पूर्वीच्या शस्त्रक्रिया

भारतीय शल्यशास्त्राला हा विकार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी छेद घेऊन काढण्याचा विधी सविस्तर वर्णिला आहे. या क्रियेत यश अनिश्चित असल्यामुळे वैद्याने राजाची अनुमती घेऊन मगच ती करावी, असेही त्यात सांगितले आहे. त्याच ग्रंथातील आणखी एक सूचना आजही तितकीच लागू पडते. खड्याचा बारीक कणसुद्धा मागे राहू देऊ नये, कारण तो पुन्हा वाढतो, अशी ती सूचना होय.

एकोणिसाव्या शतकात मूत्रमार्गातून उपकरण आत घालून मूत्राशयातील खडा फोडण्याची पद्धत युरोपात रूढ झाली. १८७८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यविशारद बिगेलो यांनी खडा फोडून त्याचे तुकडे त्याच बैठकीत धुऊन बाहेर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे ही रीत त्यांना लागू करता येणार नाही, असे तेव्हाच्या अनेक तज्ज्ञांचे मत होते. ते मत खोडून काढण्यात इंदूरच्या रेसिडेन्सीचे शल्यविशारद कीगन यांचा मोठा वाटा आहे. त्या काळी आपल्या देशात धान्यप्रधान, दूध कमी असलेल्या आहारामुळे मुलांमध्ये मूत्राशयाचे खडे फार आढळत. कीगन यांनी १८८० नंतरच्या दशकात बारीक उपकरणे वापरून अशा मुलांवर यशस्वी उपचार केले आणि ते अनुभव विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकांत मांडले.

मूत्रपिंडातील खड्यासाठी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उघडी शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग होता. कुशीत मोठा छेद घ्यावा लागे, प्रसंगी बरगडीचा भाग काढावा लागे. तोच खडा पुन्हा झाला तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड ठरे.

तीन नवे मार्ग

१९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत एक बारीक वाट करून तिच्यातून खडा काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. हीच पुढे ‘पीसीएनएल’ या नावाने रूढ झालेली शस्त्रक्रिया होय. तीत सुमारे एक सेंटिमीटर रुंदीच्या वाटेने दुर्बीण आत नेतात, खडा समोर पाहून फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. अलीकडे याहूनही निम्म्या रुंदीची वाट अनेक ठिकाणी पुरेशी होते. आपल्या देशात या शस्त्रक्रियेच्या विकासात व प्रशिक्षणात गुजरातमधील नडियाद येथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मूळजीभाई पटेल मूत्रविकार रुग्णालयाचे कार्य उल्लेखनीय आहे.

दुसरा मार्ग छेदावाचूनचा आहे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून एका रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा प्रथमच फोडण्यात आला. हे यंत्र डॉर्नियर या विमाने बनविणाऱ्या उद्योगाने तयार केले होते. अतिवेगवान विमानांवर होणाऱ्या आघातांचा अभ्यास करताना हाती आलेले ज्ञान येथे उपयोगी पडले. आरंभीच्या यंत्रात रुग्णाला पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवावे लागे. आता तशी आवश्यकता राहिलेली नाही. या पद्धतीस लिथोट्रिप्सी म्हणतात. तिच्यात खड्याचा चुरा होतो आणि तो पुढील काही आठवड्यांत लघवीवाटे निघून जातो.

तिसरा मार्ग नैसर्गिक वाटेचा आहे. मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीत बारीक दुर्बीण नेऊन खडा गाठतात आणि लेसर किरणांनी फोडतात. वाकवता येणाऱ्या दुर्बिणीमुळे मूत्रपिंडाच्या आतील कप्प्यांपर्यंतही पोहोचता येते. शरीरावर कोठेही टाका पडत नाही.

कोणत्या खड्यास कोणता उपाय

प्रत्येक खड्यास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. मूत्रवाहिनीतील पाच मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खडे आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांबाबत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. अशा रुग्णास डॉक्टर वेदनाशामक औषधे देऊन काही आठवडे देखरेखीखाली ठेवू शकतात. त्याहून मोठा खडा आपण होऊन पडण्याची आशा फारशी बाळगू नये.

मूत्रपिंडातील दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यास लिथोट्रिप्सी किंवा लेसर योग्य ठरते. खडा फार टणक असला, मूत्रपिंडाच्या तळाकडील कप्प्यात असला किंवा रुग्ण स्थूल असला तर लिथोट्रिप्सीचे यश घटते आणि एकाहून अधिक बैठका लागू शकतात. गरोदर स्त्रियांवर ती करीत नाहीत. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यास पीसीएनएल अधिक परिणामकारक आहे. मात्र तीत रक्तस्राव व ताप यांचा संभव असतो आणि थोड्या रुग्णांना रक्त द्यावे लागते. म्हणून कोणता मार्ग सर्वांत चांगला असा प्रश्न विचारण्याऐवजी, आपल्या खड्याचा आकार व जागा पाहता कोणता मार्ग योग्य, असे डॉक्टरांस विचारावे.

कुळथाचे कढण, केळीच्या गाभ्याचा रस, शहाळे यांविषयी ग्रामीण भागात मोठा विश्वास आहे. त्यांद्वारे पोटात जाणारे पाणी निश्चितच उपयोगी असते. तथापि एक-दोन सेंटिमीटरचा कॅल्शियमचा खडा त्यांनी विरघळत नाही. बियर प्याल्याने खडा पडतो हा समजही निराधार आहे. यूरिक आम्लाचे खडे औषधांनी विरघळू शकतात, परंतु ते तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

कळ थांबणे हा पुरावा नव्हे

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. लघवी दीर्घकाळ तुंबून राहिली की मूत्रपिंड हळूहळू काम कमी करते, आतील दाब उतरतो आणि कळ थांबते. रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात खडा जागीच असतो. पूर्ण अडथळा काही आठवडे टिकला तर मूत्रपिंडाची कायमची हानी होते. दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्याने ही हानी वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. सबब कळ थांबली तरी सोनोग्राफी किंवा डॉक्टर सांगतील ती तपासणी करून खडा गेल्याची खात्री करून घ्यावी.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीस कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते रक्तात पसरून जीव धोक्यात येतो. अशा वेळी डॉक्टर प्रथम नळी घालून लघवीस वाट करून देतात आणि खडा ताप ओसरल्यावर काढतात. खडा लगेच का काढला नाही, म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांवर रोष धरू नये.

आत ठेवलेली नळी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रवाहिनीत सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोकांस वळलेली मऊ नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत लघवीचा मार्ग मोकळा ठेवणे हे तिचे प्रयोजन. ती बाहेरून दिसत नाही. वारंवार लघवीला जावे लागणे, लघवी किंचित लालसर होणे, लघवी करताना कुशीत दुखणे असा त्रास ती देऊ शकते. काही रुग्णांना तर ती असल्याची जाणीवही राहत नाही.

ही नळी ठरलेल्या दिवशी काढलीच पाहिजे. बहुधा ती काही दिवसांत ते काही आठवड्यांत काढतात. सामान्यतः तीन महिन्यांपलीकडे ती ठेवीत नाहीत. त्याहून अधिक काळ राहिल्यास तिच्यावरच क्षारांचे थर चढतात, ती जागीच घट्ट बसते किंवा तुटते. मग एका खड्यासाठी झालेली शस्त्रक्रिया सोडून नळी काढण्यासाठीच दोन-तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात, आणि कधीकधी मूत्रपिंड वाचत नाही. वस्तुतः वेळेवर आल्यास बहुतेक प्रौढ रुग्णांची नळी जागा बधिर करून, दुर्बिणीतून, काही मिनिटांत निघते.

तरीही रुग्ण येत नाहीत, याची कारणे साधी असतात. समजा, एखाद्या खलाशाची शस्त्रक्रिया पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात झाली. बंदी उठताच तो ट्रॉलरवर जातो. काजूच्या बागेतील मजूर स्त्रीला हंगामात एक दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. कामानिमित्त आलेला परप्रांतीय कामगार गावी निघून जातो. कोणालाही दुखत नसते, म्हणून भेट पुढे ढकलली जाते आणि पुढे विस्मरणात जाते. म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी ‘आत नळी ठेवली आहे काय, आणि ती कोणत्या तारखेस काढावयाची?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ती तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीस सांगून ठेवावी. परगावी गेल्यास तेथील रुग्णालयातही हे कार्ड दाखवून नळी काढून घेता येते.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

ज्यास एकदा खडा झाला त्यास पुढील दहा वर्षांत पुन्हा होण्याचा संभव जवळजवळ निम्मा असतो. शस्त्रक्रियेने खडा निघतो, खडे होण्याची प्रवृत्ती जात नाही. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे; उन्हात राबणाऱ्यांनी अधिक. लघवीचा रंग फिकट असणे ही पुरेशा पाण्याची खूण होय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा अन्य आजार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे. जेवणातील मीठ कमी करावे. खारवलेले मासे, लोणची व पापड यांतील मीठही त्यात धरावे. दूध सोडू नये. आहारातील कॅल्शियम फार कमी केल्यास खडे वाढण्याचाच संभव असतो. पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्यावा.

सर्वांचे सहकार्य

बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रशल्य विभाग कार्यरत आहे. रुग्णाने प्रथम नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून तेथून चिठ्ठी घ्यावी. खर्चाच्या चिंतेने उपचार टाळू नयेत. शासकीय आरोग्य योजनांचा लाभ कोणत्या उपचारास मिळतो, याची चौकशी रुग्णालयातील संबंधित कक्षात करावी.

शिक्षकांनी मुलांना वर्गात पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास मोकळीक द्यावी. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असले की मुले, विशेषतः मुली, पाणी पिणेच टाळतात, ही बाब शाळा व्यवस्थापनाने ध्यानी घ्यावी. पंचायतींनी बाजार व बसस्थानक येथे पिण्याच्या पाण्याची सोय पाहावी. कार्यालयप्रमुखांनी आणि बागायतदारांनी शस्त्रक्रिया झालेल्या कर्मचाऱ्यास वा मजुरास नळी काढण्याच्या दिवसाची रजा विनातक्रार द्यावी. आरोग्यसेविकांनी गृहभेटीच्या वेळी अलीकडे मुतखड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची विचारपूस करून कार्डावरील तारीख पाहावी. एका दिवसाच्या रजेने आणि एका आठवणीने एक मूत्रपिंड वाचू शकते.