दिनविशेष फोटोपुरता नको, पुस्तकापर्यंत जाऊ द्या
शालेय ग्रंथालयातून राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय दिन कसे साजरे करावेत?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. याच प्रवेशाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. एका मुलाने शाळेत पाऊल टाकले, याचा हा दिवस आहे.

हा दिवस बहुतेक शाळांत कसा साजरा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परिपाठाच्या वेळी टेबलावर प्रतिमा ठेवतात, हार घालतात. दोन विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणतात, गुरुजी दोन शब्द बोलतात. फोटो काढून केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकला की अहवाल पूर्ण होतो. सगळे मिळून अर्धा तास. त्याच शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. त्यात पुस्तके असतात आणि त्याची किल्ली कुणाकडे तरी असते. ज्या महामानवाने आयुष्यभर पुस्तकांवर प्रेम केले, त्यांच्या नावाच्या दिवशीसुद्धा ते कपाट उघडत नाही.

अभिवादनाला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की दिनविशेषाचे यश हारांच्या संख्येवर मोजू नये. त्या दिवशी ग्रंथालयातून किती पुस्तके मुलांच्या हातात गेली, यावर ते मोजावे. हे कसे करता येईल आणि त्यात आपण तरुण कार्यकर्त्यांनी काय करायचे, याची मांडणी या लेखात करीत आहोत.

ग्रंथालय ही मेहेरबानी नाही

सुरुवात कायद्यापासून करू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी किमान निकष दिले आहेत. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्र, नियतकालिके, सर्व विषयांवरची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे त्यात नमूद आहे. म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलाला वाचायला पुस्तक मिळणे हा नियमाचा भाग आहे.

याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतले पालक या समितीत असतात, पण बैठकीत ग्रंथालयाचा विषय निघत नाही. तो काढायला सांगणे, हे आपले पहिले काम.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. लहान शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. एखाद्या शिक्षकाकडे वर्गाबरोबरच ग्रंथालयाचा कार्यभार असतो. पुस्तक हरवले तर जबाब द्यावा लागेल, या भीतीने कपाट बंद राहते. म्हणून तक्रारीचे निवेदन घेऊन जाण्यापेक्षा, मदतीला दोन हात देतो असे सांगत जाणे अधिक उपयोगी ठरते.

एक दिवस, पूर्ण पद्धत

२६ नोव्हेंबर, संविधान दिन, हा नमुना घेऊ. तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. ग्रंथालयातील संविधानाशी संबंधित जे काही असेल ते बाहेर काढून एका टेबलावर मांडावे: संविधानाची मराठी प्रत, बाबासाहेबांचे चरित्र, नागरिकशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रांची कात्रणे. शासनाने प्रकाशित केलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड असतील तर तेही ठेवावेत. तेरावा खंड संविधान निर्मितीचा आहे. तो इंग्रजीत आहे, पण मोठ्या मुलांनी तो हाताळून तरी पाहावा. टेबलामागे मुलांनीच लिहिलेला फलक लावावा.

मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या तयार कराव्यात. प्रश्न असे असावेत की उत्तर पुस्तकात शोधावे लागेल. एक उदाहरण पाहा. संविधान सभेचे काम किती काळ चालले? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, २ वर्षे ११ महिने १८ दिवस. पण बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात १७ दिवस म्हटले आहे. मग चूक कोणाची? मुलांना दिनदर्शिका द्या आणि मोजायला सांगा. पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. तो दिवस धरून मोजले तर २५ नोव्हेंबरला १७ दिवस भरतात आणि दुसऱ्या दिवशी, संविधान स्वीकारले त्या दिवशी, १८. दोन्ही आकडे बरोबर निघतात. हे ज्या मुलाने स्वतः मोजले, ते मूल पुढे व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत्येक ओळ खरी मानणार नाही.

असेच आणखी प्रश्न देता येतील. २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकारले, तर प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला का? संविधान सभेत स्त्रिया किती होत्या? पंधरा. त्यांतील दाक्षायणी वेलायुधन या एकमेव दलित महिला सदस्य होत्या, हे किती मुलींना माहीत आहे?

प्रत्यक्ष दिवशी उद्देशिकेचे सामुदायिक वाचन तर होतेच. त्यानंतर वीस मिनिटे एखाद्या पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचावा, तोही मुलांनीच. मुलांनी शोधलेली उत्तरे सांगावीत. शेवटी देवघेव नोंदवही उघडून टेबलावरची पुस्तके घरी न्यायला द्यावीत. ही शेवटची पायरी चुकली, तर कार्यक्रम पुन्हा फोटोपुरताच राहतो. आठवड्याने पुस्तक परत करताना मुलाने त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. त्या ओळी एका फाइलमध्ये जमा झाल्या की पुढच्या वर्षीच्या फलकाचे साहित्य तयार होते.

दोन दिवसांची सांगड

आंतरराष्ट्रीय दिन आले की शाळेत ते परके वाटतात. आपल्या चळवळीच्या तारखांशी त्यांची सांगड घातली की मुलांना ते लगेच कळतात.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २१ मार्च हा संयुक्त राष्ट्रांचा वांशिक भेदभाव निर्मूलन दिन आहे. १९६० मध्ये याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ जण मारले गेले. पाणी प्यायला बंदी आणि आपल्याच देशात फिरायला पास. टेबलावर महाडवरचे पुस्तक, शेजारी नेल्सन मंडेला यांचे चरित्र आणि मागे जगाचा नकाशा ठेवला, तर भाषणाची गरज उरत नाही.

६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन आणि १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन हेही असेच जवळचे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ असे व्हावेत, यासाठी भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता. त्या आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. एका शब्दाने किती फरक पडतो, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही.

११ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय बालिका दिन ३ जानेवारीच्या सावित्रीमाईंच्या जयंतीशी जोडावा. या दिवशी मुक्ता साळवे हिचा निबंध वाचून दाखवावा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्याच वयाच्या मुलीने हे लिहिले, हे कळल्यावर मुली वेगळ्या नजरेने वही उघडतील.

वर्षाचे नियोजन

दिनविशेषांची यादी शंभरावर जाईल. सगळे करायला गेलो तर एकही धड होणार नाही. महिन्याला एक दिवस पुरेसा आहे. आमच्या मते वर्षाची आखणी अशी करता येईल:

जून: २६ जून, राजर्षी शाहू जयंती, सामाजिक न्याय दिन. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. विदर्भात थोड्या उशिरा उघडतात, तिथे जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्यावा.
ऑगस्ट: १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे जयंती, किंवा १२ ऑगस्ट, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. त्या दिवशी मुलांनीच कपाट पुसून पुस्तकांची यादी करावी.
सप्टेंबर: ८ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. आजी-आजोबांना शाळेत बोलवावे. त्यांना वाचता येत नसेल तर नातवंडांनी वाचून दाखवावे.
ऑक्टोबर: १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन.
नोव्हेंबर: विद्यार्थी दिवस ते संविधान दिन, हे तीन आठवडे एकत्र.
डिसेंबर-जानेवारी: मानवी हक्क दिन, सावित्रीमाई जयंती. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला (१९२०), त्या दिवशी मुलांचे हस्तलिखित काढावे.
फेब्रुवारी: २१ तारखेचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, २७ चा मराठी भाषा गौरव दिन, २८ चा राष्ट्रीय विज्ञान दिन.
मार्च: महाड आणि शार्पव्हिल.

१४ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी असते, शिवाय तो काळ परीक्षांचा. म्हणून शाळेतील उपक्रम आठवडाभर आधी घ्यावा. बुद्ध पौर्णिमा बहुधा उन्हाळी सुट्टीत येते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने वैशाख पौर्णिमेला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, तरी त्या दिवशी शाळा बंदच असते. तेव्हा काम विहाराचे. शाळेचे कपाट बंद असेल त्या दोन महिन्यांत विहारातले कपाट रोज संध्याकाळी उघडावे.

शाळा आणि विहार यांतील फरक

येथे एक स्पष्ट बोलले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. इतरांनी शाळेत आपले धार्मिक कार्यक्रम घुसवले की आपण याच अनुच्छेदाचा दाखला देतो. मग तोच नियम आपल्यालाही लागू आहे. शाळेत आपण पुस्तके घेऊन जायचे, बुद्ध-फुले-शाहू-आंबेडकरांचा विचार अभ्यासाचा विषय म्हणून मांडायचा. वंदना आणि धम्मोपदेश यांची जागा विहारात आहे. ही शिस्त आपण पाळली तर मुख्याध्यापकांचा आणि इतर समाजातील पालकांचाही विश्वास मिळेल.

पुस्तके देतानाही विचार करावा. घरातली नको असलेली रद्दी म्हणजे दान नव्हे. आधी शाळेला काय हवे ते विचारावे. पहिली-दुसरीसाठी चित्रांची पुस्तके, पाचवी ते आठवीसाठी चरित्रे, गोष्टी व विज्ञान, नववी-दहावीसाठी ‘बलुतं’, ‘आयदान’सारखी आत्मकथने. दिलेले प्रत्येक पुस्तक शाळेच्या दाखल नोंदवहीत चढले की नाही, ते पाहावे. नोंद नसलेले पुस्तक उद्या कुठे गेले, हे कुणी विचारत नाही.

पैशाचे काय? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उडणारी झुंबड आपण दरवर्षी पाहतो. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेणारा हा समाज आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा डीजेऐवजी गावातल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी ठेवायचा, एवढा ठराव प्रत्येक मंडळाने केला तरी वर्षभराची सोय होईल.

विद्यार्थिदशेतील भीमरावांच्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीची आठवण नोंदवली आहे. त्या सत्कारात हारही असतील. ते सुकून गेले. ते पुस्तक मात्र त्या मुलाच्या मनात राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांपर्यंत पोहोचले.

आपल्या गावच्या शाळेतही असे एखादे मूल कपाटासमोर उभे असेल. येत्या दिनविशेषाला हार घेऊन जाण्याआधी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, एवढे विचारून या.

जय भीम!